उन्हाळा, पायांची सूज आणि वजनाचा काटा

(र्युसेल्सहाइम येथील ज्येष्ठ सदस्यांच्या उन्हाळी मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला विषय दिला होता ‘उन्हाळ्यात घ्यायची काळजी’. हा विषय फार मोठा आहे, आणि डोक्यावर टोपी घाला, भर दुपारी बाहेर पडू नका, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. म्हणून त्यातला एकच धागा धरते. गेली तीसेक वर्षं मी या भागात परिचारिका म्हणून काम करते. दर जून-जुलैत आपल्या माणसांकडून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, ‘पाय सुजलेत.’ दुसरी, ‘खाणं तेवढंच आहे, तरी वजन वाढलंय.’ आणि त्यांच्या मागोमाग तिसरं वाक्य येतं, त्याची मला खरी भीती वाटते: ‘म्हणून मी पाणी कमी केलंय.’ आजचं बोलणं या तिसऱ्या वाक्याबद्दल आहे.

आधी काट्याचा हिशेब करू. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. तुम्ही आत्ता दोन मोठे पेले पाणी पिऊन काट्यावर उभे राहिलात तर काटा अर्धा किलो जास्त दाखवेल. त्यात चरबी एक ग्रॅमही नसेल. उलट, एक किलो चरबी अंगावर चढायची तर रोजच्या गरजेपेक्षा सात हजारांहून अधिक कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. एक मोठा बेसनाचा लाडू साधारण दोनशे कॅलरींचा धरला, तर नेहमीचं जेवण करून वर पस्तीस लाडू खावे लागतील. तेव्हा दोन-तीन दिवसांत वजन दीड किलोने वाढलं असेल आणि तुम्ही पन्नास लाडू खाल्ले नसतील, तर ते जवळजवळ सगळं पाणी आहे. वजन अचानक कमी होतं तेव्हाही हेच. उन्हात भरभर चालून आलं की घामावाटे तासाला अर्धा ते एक लिटर पाणी सहज जातं. काटा खाली उतरतो, माणूस खूश होतो, पण चरबी होती तिथेच असते.

आता प्रश्न असा की उन्हाळ्यात घाम जातो, तर पाणी कमी व्हायला हवं. ते साठतं कसं?

याची कारणं दोन. पहिलं असं की बाहेर गरम झालं की शरीर आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं. त्यासाठी रक्तवाहिन्या रुंद होतात. पायांतलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम एरवीही कष्टाचं असतं. वाहिन्या सैल पडल्या की ते अधिकच अवघड होतं. मग पायांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं आणि घोट्याशी साठतं. दिवसभर खुर्चीत पाय खाली सोडून बसलं, किंवा मुंबईहून फ्रांकफुर्टपर्यंत आठ-नऊ तास विमानात बसून आलं, की मोज्याचा वळ उठतो, चपलेचा पट्टा रुततो, अंगठी बोटात अडकते.

दुसरं कारण मूत्रपिंडांशी संबंधित आहे. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. शरीराला वाटतं, आता दुष्काळ पडणार. मग मेंदूतून आणि मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या छोट्या ग्रंथींतून संप्रेरकं सुटतात आणि मूत्रपिंडांना निरोप जातो की मीठ आणि पाणी बाहेर सोडू नका, धरून ठेवा. लघवी कमी आणि पिवळी होते. उष्णतेच्या पहिल्या आठवड्यात शरीर असं पाणी राखून रक्ताचं प्रमाण वाढवतं, म्हणजे घामही येऊ शकेल आणि रक्तदाबही टिकेल. साधारण एक-दोन आठवड्यांत अंगाला उन्हाची सवय होते. तोवर काट्यावर किलो-दीड किलो जास्त दिसलं, तर निरोगी माणसाच्या बाबतीत तो शरीराचा शहाणपणा समजावा.

आता पाणी कमी करण्याकडे येते. शरीर पाणी धरून ठेवतंय ते दुष्काळाच्या भीतीने. अशा वेळी आपण पाणी पिणंच कमी केलं, तर ती भीती खरी ठरते. मूत्रपिंडं आणखी घट्ट मूठ आवळतात. पायांची सूज फारशी उतरत नाही, पण रक्तातलं पाणी घटतं. मग उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. उन्हाळी लागते. बद्धकोष्ठ होतं. रात्री न्हाणीघरात जाताना तोल जातो. खुब्याचं हाड मोडलेल्या किती आजींना मी उन्हाळ्यात पाहिलंय! त्यांतल्या काहींची सुरुवात पाणी कमी केल्यापासून झाली होती.

ज्येष्ठांच्या बाबतीत धोका आणखी वाढतो, कारण वयाबरोबर तहानच कमी लागते. तरुण माणसाच्या शरीरात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हातारपणी ते निम्म्यावर येतं. साठा लहान, तहान मंद, आणि मूत्रपिंडंही पूर्वीसारखी तत्पर नाहीत. म्हणून ‘तहान लागली की पिईन’ हा नियम सत्तरीनंतर पुरत नाही. ज्यांना पाण्यावर बंधन नाही त्यांनी एरवी दिवसाला साधारण दीड लिटर पेयं घ्यावीत आणि कडक उन्हाच्या दिवसांत त्याहून जास्त. सकाळी तांब्या-भांडं भरून समोर ठेवा. घडी घडी घोट घ्या. इथलं नळाचं पाणी पिण्यालायक असतं, बाटल्यांची खोकी जिन्यावरून वाहून आणायची गरज नाही.

आता दोन घरांची गोष्ट सांगते. माणसं ओळखू येतील असं काही सांगणार नाही.

पहिल्या घरात साताऱ्याकडून आलेल्या अडुसष्ट वर्षांच्या आजी होत्या. प्रकृती ठणठणीत, रोज फिरणं. उन्हाची लाट आली आणि चार दिवसांत वजन एकसष्ट किलोवरून साडेबासष्टवर गेलं. बांगड्या निघेनात. आजींना वाटलं, जर्मनीतलं चीज आणि लोणी अंगी लागलं. रात्रीचं जेवण सोडलं, पाणी दिवसाला चार पेल्यांवर आणलं. तिसऱ्या दिवशी देवापुढे उभ्या असताना चक्कर येऊन खाली बसल्या. नशीब, बाजूला सून होती. डॉक्टरांनी तपासलं. हृदय ठीक, मूत्रपिंडं ठीक, फक्त अंगातलं पाणी कमी झालेलं. पाणी पिणं, वेळेवर जेवण, दुपारी पाय उशीवर, सकाळी चालणं. हवा निवळल्यावर आठवड्याभरात बांगड्या आपोआप सैल झाल्या.

दुसऱ्या घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका होते. हृदयाची ताकद आधीच कमी झालेली, त्यासाठी गोळ्या चालू. तोच आठवडा, तेच ऊन. त्यांचे पाय सुजले तेव्हा येणारे-जाणारे सगळे म्हणाले, उन्हाळाच आहे, सगळ्यांचेच सुजतात. पण काकूंना रोज सकाळी काकांचं वजन वहीत लिहायची सवय होती. तीन दिवसांत सव्वादोन किलो वाढ. शिवाय काका दोन दिवस एकाऐवजी तीन उशा घेऊन झोपत होते, आडवं पडलं की दम लागायचा. काकूंनी वही हातात घेऊन हाउसआर्त्स्टना फोन केला आणि तीन आकडे वाचून दाखवले. त्याच दिवशी बोलावणं आलं, औषध बदललं, आणि रुग्णालयात दाखल व्हायची वेळ टळली.

मंडळी, काट्यावरचा आकडा दोन्ही घरांत वाढला होता. एका घरात त्याचा अर्थ ‘घाबरू नका’ असा होता, दुसऱ्या घरात ‘आजच डॉक्टर गाठा’ असा. म्हणून सूज पाहून स्वतः निदान करू नका, आणि दुसऱ्याच्या सुजेवरून आपली सूज मोजू नका.

फरक ओळखायच्या खुणा लक्षात ठेवा. उन्हाची साधी सूज दोन्ही पायांना सारखी असते, संध्याकाळी जास्त, सकाळी उठल्यावर कमी, आणि तिच्यासोबत दम लागत नाही. एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखते, लाल आणि गरम लागते, तर रक्ताची गुठळी असू शकते. विशेषतः विमानप्रवासानंतर असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हृदयविकार असलेल्यांचं वजन तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं, दम लागू लागला, रात्री उशा वाढल्या, तर लगेच डॉक्टरांना कळवा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडांच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल, तर माझं आजचं ‘पाणी प्या’ तुमच्यासाठी नाही. तुमचं माप उन्हाळ्यात किती ठेवायचं, हे त्यांनाच विचारा, आणि लाट यायच्या आधी विचारा.

आता गोळ्यांबद्दल. लघवी होण्याची गोळी, जिला आपण पाण्याची गोळी म्हणतो, ती उन्हाळ्यात स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि सूज दिसली म्हणून दुप्पटही घेऊ नका. रक्तदाबासाठीच्या अम्लोडिपिन या गोळीने काहींच्या घोट्याला एरवीही सूज येते, उन्हात ती जास्त दिसते. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेता? या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडांना इजा करू शकतात. यातलं काय थांबवायचं, किती कमी करायचं, हे डॉक्टर ठरवतील. आपलं काम म्हणजे त्यांच्यापुढे पूर्ण यादी ठेवणं. इथल्या सरकारी विमा योजनेतल्या, तीन किंवा अधिक औषधं कायम घेणाऱ्या माणसाला ऑक्टोबर २०१६ पासून औषधांचा छापील तक्ता मागण्याचा हक्क आहे. तो मागून घ्या. भारतातून आलेल्यांनी गोळ्यांची फक्त भारतीय ब्रँडची नावं सांगू नयेत, इथे ती कुणाला कळत नाहीत. पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव कागदावर उतरवून पासपोर्टसोबत ठेवा.

एक वाक्य मी आपल्या सभागृहात नेहमी ऐकते. ‘अहो, आम्ही चंद्रपूरची माणसं, पंचेचाळीस डिग्री पाहिलेली. इथल्या पस्तीसला काय भ्यायचं?’ ऐकायला बरं वाटतं, पण शरीराला आलेली उन्हाची सवय काही आठवड्यांतच जाते. वीस वर्षांपूर्वीचं चंद्रपूर आता अंगात उरलेलं नाही. शिवाय तिकडे घराला पंखा, कूलर, वाळ्याचे पडदे, दुपारी झोप, सगळी व्यवस्था उन्हाळ्यासाठी असते. इथली घरं थंडी अडवायला बांधलेली. छताखालच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारा, रात्री बारा वाजतादेखील भिंती तापलेल्या असतात. २५ जुलै २०१९ रोजी जर्मनीत ४१.२ डिग्री तापमान नोंदलं गेलं. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपभर सत्तर हजारांवर माणसं दगावल्याचा अंदाज आहे, आणि २०१८ साली एकट्या जर्मनीत आठ हजारांहून अधिक. त्यांत बहुसंख्य आपल्यासारखे, पंचाहत्तरी ओलांडलेले. २००३ नंतरच इथे उष्णतेचे इशारे देण्याची पद्धत सुरू झाली. जर्मन हवामान खात्याचं मुख्य कार्यालय आपल्या जवळच, ऑफेनबाखला आहे. अंगाला जाणवणारी उष्णता बत्तीसच्या वर जाणार असेल तर पहिला इशारा, अडतीसच्या वर असेल तर दुसरा, अधिक कडक. नातवाला सांगा, तो तुमच्या फोनवर ही सोय दोन मिनिटांत बसवून देईल. इशारा आला की सकाळीच खिडक्यांबाहेरचे रोलाडेन खाली ओढा आणि गारवा झाल्यावर रात्री खिडक्या उघडा. फिरायचं तर मायनच्या काठी किंवा फेर्ना पार्कात, सकाळी लवकर.

खाण्यापिण्यात आपल्याकडे चांगल्या गोष्टी आहेत. पातळ ताक, कोकम सरबत, नाचणीची आंबील, काकडीची कोशिंबीर, कलिंगड. पन्हंही छान, पण मधुमेह असेल तर त्यातला गूळ-साखर आठवा. इथलं सफरचंदाचा रस घातलेलं पाणी मिळतं, त्यातही साखर असते. मिठाबाबत जपून. ‘घाम जातो म्हणून ताकात मीठ जास्त घाला’ हा सल्ला शेतात राबणाऱ्याला ठीक आहे. घरात बसणाऱ्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला जेवणातलं मीठ पुरतं. पापड, लोणचं, फरसाण जास्त झालं की दुसऱ्या दिवशी काटा आणि घोटे दोन्ही सांगतात. जुलाब-उलट्या होत असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, छोटा. मीठ मोजूनच, अंदाजाने नको.

आता उपासाबद्दल, कारण तो आपल्या सगळ्यांच्या मनातला प्रश्न आहे. इथे उन्हाळ्यात सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. संकष्टीचा चंद्रोदय व्हायला रात्रीचे अकरा वाजून जातात. पुण्यात नऊ-दहाला सुटणारा उपास इथे मध्यरात्रीपर्यंत लांबतो. त्यात कुणी पाणीही घेत नसेल, तर मधुमेहाच्या आणि पाण्याच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला तो झेपणारा नाही. उपासाच्या पहिल्या दिवशी एक-दीड किलो वजन उतरतं, तेही बहुतेक पाणीच, जेवलं की परत येतं. शास्त्रात काय सांगितलंय ते गुरुजी सांगतील, मी परिचारिका म्हणून एवढंच सांगते की आजारी आणि वृद्ध माणसाला सूट देण्याची आपली परंपरा आहे. ती सूट देवाला मान्य आहे, मग आपण स्वतःवर एवढं कठोर का व्हावं? पाणी आणि औषध सोडू नका. दुपारी फळ घ्या, ताक घ्या.

आणि गर्दीच्या सोहळ्यांबद्दल. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो भाविक भर उन्हात तासन्‌तास बसले होते. उष्माघाताने चौदा जण गेले. ती माणसं श्रद्धेने आली होती. श्रद्धा मोठी असली की माणूस तहान, चक्कर, कुणालाच सांगत नाही. म्हणून आपल्या उत्सवात सावली, खुर्ची आणि पाणी यांची जबाबदारी आयोजकांनी घ्यायची असते. कुणी असंबद्ध बोलू लागला, अंग भाजत असेल, शुद्ध हरपत असेल, तर ११२ ला फोन करा. सावलीत आणा, ओल्या कापडाने अंग पुसा, वारा घाला. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. तातडीचं नाही पण डॉक्टर बंद आहेत, अशा वेळी ११६११७ हा क्रमांक आहे.

घरी गेल्यावर करायचं काम छोटं आहे. एक वही घ्या. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, तशाच हलक्या कपड्यांत काट्यावर उभे राहा आणि तारीख घालून आकडा लिहा. बाजूला लिहा: सूज आहे की नाही, दम लागतो की नाही, लघवीचा रंग फिकट की गडद. दोन मिनिटांचं काम. एका दिवसाच्या आकड्याकडे दुर्लक्ष करा, तीन दिवसांची चाल पाहा. काकूंच्या वहीने जे केलं ते तुमची वही तुमच्यासाठी करेल.

शेवटी एक विनंती, विश्वस्तांच्या परवानगीने. आपल्यातले काही सदस्य एकटे राहतात. जोडीदार गेला, मुलं म्युनिकला किंवा बर्लिनला. उष्णतेचा इशारा आला की त्या प्रत्येकाला दिवसातून दोनदा फोन करणारं कुणीतरी हवं. ‘पाणी प्यालात का, आज वजन किती, पाय कसे आहेत’, एवढेच तीन प्रश्न. उत्तर मिळालं नाही तर दारावर जाऊन बेल वाजवायची. यासाठी स्वयंसेवकांची नावं मंदिराच्या कार्यालयात लिहून घेतली जात आहेत. तरुणांनी आपली नावं द्यावीत, आणि एकटं राहणाऱ्यांनी संकोच न करता आपलीही द्यावीत. ज्यांना शक्य आहे त्यांनी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी एखादा पंखा, एखादा वजनकाटा द्यावा. सेवा म्हणून दिलेली ती वस्तू पुढच्या लाटेत कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आज बाहेर जाताना दाराशी ताक ठेवलंय. मीठ बेताचंच घातलंय. एक-एक पेला घेतल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.

नमस्कार.